चेक लाइट, धक्के आणि काळा धूर: मॅप सेन्सर बदलण्याआधी काय तपासायचं

सोलापुरात होटगी रोडला माझं गॅरेज आहे. गेली सतरा वर्षं इंजेक्शनच्या गाड्या हेच माझं काम. एक तक्रार दर आठवड्याला ठरलेली: चेक लाइट लागलाय, गाडी धक्के मारते, ॲव्हरेज पडलाय, आणि मालकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर लिहिलेलं "मॅप सेन्सर", म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर. कुणीतरी स्कॅनर लावून कोड वाचून दिलेला असतो. कित्येकदा सेन्सर एकदा बदलूनही झालेला असतो आणि आठ दिवसांत लाइट परत आलेला असतो.

अशा गाड्यांत सेन्सर खरोखर मेलेला मला फार कमी वेळा सापडलाय. बहुतेक वेळा त्याला जो दाब मिळत होता तोच तो इमानदारीने सांगत होता. बिघाड होता पाइपात, कपलरमध्ये (वायरी सेन्सरला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात), नाहीतर इंजिनात. म्हणून हे लिहितोय. यातल्या निम्म्या गोष्टी तुम्ही घरच्या अंगणात बघू शकता, पैसा न घालता.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढचं वाचा.

- सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा स्थिर राहत नाही, सातशे ते बाराशेमध्ये झुलतो. कधी गाडी आपोआप बंद पडते.
- ॲक्सिलरेटर दाबला की आधी गुदमरते, मग झटक्यात उचलते.
- सायलेन्सरमधून काळा धूर, कच्च्या पेट्रोलचा वास. प्लग काढले तर कोरडी काळी काजळी.
- अठराचा ॲव्हरेज तेरा-चौदावर आला.
- गरम गाडी सेल्फवर पटकन उठत नाही.
- सीएनजीवर धक्के, पेट्रोलवर मात्र ठीक. (ही खूण लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.)
- डिझेल गाडी असेल तर तुळजापूरच्या घाटात दम राहत नाही, कितीही दाबा, गाडी ओढतच नाही.

चेक लाइट नुसता पेटलेला असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. तो लुकलुकत असेल आणि इंजिन थरथरत असेल तर गाडी तिथंच बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि तो कन्व्हर्टर जळून जातो. त्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट आहे.

हा सेन्सर करतो काय

हे समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी आंधळी होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे किती पेट्रोल सोडायचं हे ठरवायला आत किती हवा गेली हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळलं पाहिजे. काही गाड्यांत हवा थेट मोजणारा वेगळा सेन्सर असतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. इंजिन किती सीसीचं हे ठाऊक आहे, आरपीएम ठाऊक आहे. आता इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांत) हवेचा दाब किती आणि तिचं तापमान किती, एवढं कळलं की हवेचं वजन निघतं. दाब सांगतो तो मॅप सेन्सर. तापमान सांगणारा सेन्सर बऱ्याचदा त्याच्याच पोटात असतो, अशा सेन्सरला तीनऐवजी चार वायरी दिसतात. ही पद्धत नवी नाही. बॉश कंपनीने १९६७ साली आणलेल्या डी-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये मॅनिफोल्डचा दाब मोजूनच पेट्रोल सोडत. त्यातला 'डी' म्हणजे जर्मन भाषेतला 'ड्रुक', दाब.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या थोडं वर आहे. त्यामुळे आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दाब ९५ ते ९६ किलोपास्कल असतो, मुंबईत तो १०० ते १०१. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्येही तेवढाच दाब असतो. इंजिन चालू झालं की पिस्टन हवा ओढतात, थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे आत पोकळी तयार होते, म्हणजे दाब खाली जातो. चांगलं गरम इंजिन, एसी बंद, गाडी जागेवर उभी: साधारण २८ ते ४० किलोपास्कल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडतो आणि आतला दाब बाहेरच्या जवळ जातो, म्हणजे नव्वदच्या पुढे.

आता समजा खरा दाब ३२ आहे आणि ईसीयूला कळला ४५. ईसीयू समजतो की हवा चाळीस टक्के जास्त आली, आणि तेवढं पेट्रोल जास्त सोडतो. काळा धूर, काळे प्लग, पडलेला ॲव्हरेज, सगळं इथून येतं. उलट झालं तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी गुदमरते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडून सुधारायचा प्रयत्न करतो, पण त्याच्या हातात मर्यादित सूट असते. ती संपली की चेक लाइट लागतो.

सेन्सरच्या आत सिलिकॉनचा अगदी पातळ पापुद्रा असतो. त्याच्या मागच्या बाजूला पोकळी कायमची बंद केलेली असते, पुढच्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब येतो. पापुद्रा वाकला की त्याच्यावरच्या सर्किटचा रोध बदलतो आणि त्यातून व्होल्ट निघतात. हा पापुद्रा किती नाजूक असतो हे माहीत असलं की सेन्सरच्या भोकात टाचणी घालायची इच्छा होत नाही. मी घातलेल्या बघितल्यात.

पहिलं: बोनेट उघडा, नुसतं बघा आणि ऐका

खर्च शून्य. इंजिन थंड असताना सुरुवात करा.

ऑइलचं झाकण नीट बसलंय का, डिपस्टिक पूर्ण आत आहे का, हे आधी. हसू नका. बऱ्याच गाड्यांत क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागाची) वाफ मॅनिफोल्डकडे ओढली जाते, झाकण ढिलं असेल तर तिथून जादा हवा आत जाते आणि आरपीएम झुलायला लागतो. सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी सुरू झालेला त्रास मी दोनदा नुसतं झाकण आवळून संपवलाय. मग एअर फिल्टर. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर वर्षभर टिकेल असं धरून चालू नका, धुळीने तो आधीच तुंबतो.

मग पाइप. मॅनिफोल्डवरून निघणारा प्रत्येक रबरी पाइप बोटांनी दाबत, वाकवत जा. ब्रेकच्या बूस्टरला जाणारा जाड पाइप, क्रँककेसची वाफ आणणारा पीसीव्हीचा पाइप, सीएनजी किट असेल तर तिच्यासाठी काढलेला टी-जॉइंट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. स्वस्तातला रबरी पाइप दोन उन्हाळ्यांत पापडासारखा कडक होतो आणि जिथं तो प्लास्टिकच्या नळीवर चढवलाय नेमका तिथं तडकतो.

मागच्या मे महिन्यात बार्शीहून एक काका गाडी घेऊन आले होते. सीएनजीवर धक्के आणि वास, पेट्रोलवर काही नाही. म्हणाले, "दोनदा सेन्सर बदललाय ओ, आता गाडीच विकायची ठरवलीय." सकाळी गाडी थंड होती, सगळं ठीक दिसलं. मी त्यांना म्हटलं, "काका, थांबा तासभर, चहा घ्या, गाडी उन्हात चालू राहू द्या." पाऊण तासाने किटच्या सेन्सरकडे जाणारा पाइप टी-जॉइंटपाशी दोन बोटांत धरून जरा पिळला, तर बारीक "सूं" आवाज आला आणि सोडल्यावर बदलला. काढून बघितला. केसाएवढी चीर, थंड असताना मिटलेली, गरम झाल्यावर उघडणारी. पाइपाचा वीतभर तुकडा आणि दोन क्लिपा बदलल्या, गाडी सुधारली.

हे असं का होतं? सिक्वेन्शियल सीएनजी किटला मॅनिफोल्डचा दाब सांगणारा स्वतःचा सेन्सर असतो, आणि तो या बारीक पाइपावर चालतो. गाडीचा मूळ सेन्सर वेगळा, तो बहुधा थेट मॅनिफोल्डवर बसलेला. पाइप तडकला की किटच्या सेन्सरला दाब जास्त दिसतो आणि गॅस जास्त सुटतो. मूळ सेन्सर मात्र बरोबरच असतो, म्हणून पेट्रोलवर गाडी ठीक. काकांचा दोनदा बदललेला सेन्सर मूळचा होता, ज्याच्यात काहीच बिघाड नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगतो. जुन्या पद्धतीच्या काही गाड्यांत फ्युएल रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर रेग्युलेटर असतो आणि त्याला मॅनिफोल्डवरून एक बारीक पाइप आलेला असतो. तो पाइप काढल्यावर आत पेट्रोलचा ओलावा किंवा वास आला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये जातंय. गाडी चालू करू नका. हे काम घरी करायचं नाही.

दुसरं: कपलर

खर्च अजूनही शून्य. सेन्सरचा कपलर लॉक दाबून काढा. वायर धरून ओढू नका. आत हिरवट-पांढरी पूड दिसते का, पिना वाकल्यात का, एखादी पिन मागे सरकलीय का, लॉकचं प्लास्टिक तुटलंय का, बघा.

दसऱ्यानंतरचा आठवडा माझ्याकडे याच कामाचा असतो. गाडीची पूजा करायची म्हणून आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला नेऊन बोनेटखाली जोरात पाणी मारतात. पाणी कपलरमध्ये शिरतं, दोन दिवसांत गंज धरतो, आणि हार सुकायच्या आत चेक लाइट लागतो. इंजिन धुवायचंच असेल तर सेन्सरवर आणि कपलरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि दाबाचं पाणी मारू देऊ नका. पाणी गेलंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलर उघडे ठेवून सुकू द्या, मग इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

गाडी शेडमध्ये लावत असाल आणि शेजारी ज्वारीची पोती असतील तर वायरींवर उंदराचे दात शोधा. मंगळवेढा, मोहोळकडच्या गाड्यांत हे सुगीनंतर हमखास दिसतं. कुरतडलेली वायर नुसती टेपने गुंडाळू नका. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात तोच कोड परत येतो.

तिसरं: स्कॅनर

१ एप्रिल २०१३ नंतर बनलेल्या गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचा, ओबीडीचा सोळा पिनांचा सॉकेट असतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा डोंगल आणि एक ॲप पुरतं. मात्र एक विनंती आहे. कोड दिसला की लगेच "क्लिअर" दाबू नका. आधी कोड लिहून घ्या, त्याच्यासोबत साठवलेला तपशील, म्हणजे लाइट लागला तेव्हा आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती गरम, तोही लिहा. हा तपशील पुसला गेला की कारागिराला पहिल्यापासून शोधावं लागतं आणि त्या वेळेचे पैसे तुम्हीच देता.

कोड काय सांगतो ते नीट वाचा. पी ०१०७ म्हणजे सिग्नलचा व्होल्ट खाली, पी ०१०८ म्हणजे वर. हे दोन्ही बहुधा वायरिंगकडे बोट दाखवतात. पी ०१०६ म्हणजे सिग्नल येतोय पण आरपीएम आणि थ्रॉटल बघता तो पटत नाही. तिथे पाइप, सेन्सरवरची घाण किंवा खुद्द इंजिन आधी बघायचं. पी ०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, पी ०१७१ म्हणजे कमी. यातला एकही कोड "सेन्सर बदला" असं म्हणत नाही.

मग लाइव्ह डेटा. चार आकडे घ्या.

इंजिन बंद, चावी चालू: सोलापुरात ९५-९६ दिसायला पाहिजे. तुमच्या मोबाइलमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याच्याशी ताडून बघा, तो ९५५ ते ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवेल. दहाने भागलं की किलोपास्कल. हवामानाच्या ॲपमधला १००५-१०१० हा आकडा घेऊ नका, तो समुद्रसपाटीला धरून बदललेला असतो. बरेच जण इथे फसतात आणि चांगल्या सेन्सरला नावं ठेवतात. या पायरीवर ईसीयू बाहेरच्या हवेचा अंदाज घेतो, त्यामुळे इथे सात-आठ किलोपास्कलची चूक असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

इंजिन चालू, गरम, एसी बंद, जागेवर: २८ ते ४०.

एकदम रेस द्या: क्षणात नव्वदच्या जवळ जाऊन, पाय काढल्यावर वीस-पंचवीसपर्यंत खाली येऊन परत जागेवर यायला पाहिजे. आकडा आळसावल्यासारखा सावकाश चढत असेल तर सेन्सरचं तोंड घाणीने बुजलंय.

चौथा आकडा चालत्या गाडीत, आणि तो शेजारी बसलेल्या माणसाने वाचायचा. तुळजापूरहून परत येताना घाट उतरा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. दाब वीस-पंचवीसवर स्थिर राहिला पाहिजे. अशा उतारावर ईसीयू पेट्रोल जवळजवळ बंद करतो. दाब चाळीसच्या वर रेंगाळत असेल तर हवा कुठूनतरी आत येतेय.

याच ॲपमध्ये फ्युएल ट्रिम दिसतो, म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय. अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. उणे वीस असेल तर ईसीयू सतत पेट्रोल कापतोय, म्हणजे बहुधा दाब फुगवून सांगितला जातोय. इथे एक बारकावा आहे. मॅनिफोल्डला गळती असली तर मॅप सेन्सरच्या गाडीत तो वाढलेला दाब सेन्सरला खराच दिसतो आणि ईसीयू त्या हवेइतकं पेट्रोल देतो, म्हणून गाडी गुदमरण्याऐवजी आरपीएम वर जातो. हवा थेट मोजणाऱ्या गाडीत हीच गळती मोजणीतून सुटते आणि पेट्रोल कमी पडतं. तुमची गाडी कुठल्या जातीची हे माहीत नसताना इंटरनेटवरचा सल्ला लावला की घोळ होतो.

चौथं: सेन्सर काढून स्वच्छ करा, सिरिंजने तपासा

एक-दोन स्क्रू असतात. ओ-रिंग सांभाळा, ती फाटली तर तिथूनच नवी गळती तयार होते. सेन्सरच्या तोंडाशी तेलकट काळा थर असेल तर सेन्सर तोंड खाली धरून इलेक्ट्रॉनिक सेन्सरसाठीचा क्लीनर मारा, दहा-पंधरा मिनिटं हवेत सुकू द्या. कार्ब्युरेटर क्लीनर नको, पेट्रोल नको, कंप्रेसरची हवा नको, टाचणी नको. पापुद्र्याचं कारण वर सांगितलंय.

आता मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणि वीतभर मऊ नळी आणा. कपलर जोडलेला, चावी चालू, इंजिन बंद. नळी सेन्सरच्या तोंडावर घट्ट बसवा आणि दट्ट्या हळूहळू ओढा. स्क्रीनवरचा ९६ हा आकडा ओढाल तसा गुळगुळीत खाली आला पाहिजे, ओढून धरला तर तिथंच थांबला पाहिजे, सोडला की परत ९६. मध्येच उडी मारत असेल किंवा अडकत असेल तर सेन्सर खरोखर खराब. ही एक तपासणी तुम्हाला नवीन सेन्सरच्या पैशांपासून वाचवते, किंवा तो खर्च योग्य आहे हे पटवून देते.

पाचवं: मल्टिमीटर

वायरींची भीती वाटत असेल तर इथे थांबून ऑटो वायरमनकडे जा, त्यात कमीपणा नाही. करणार असाल तर एक नियम: बल्बचा टेस्टर ईसीयूच्या वायरीला लावायचा नाही. बल्ब जास्त करंट ओढतो आणि ईसीयूचं सर्किट जळू शकतं. डिजिटल मीटरच हवा.

कपलर काढलेला, चावी चालू: एका पिनवर पाच व्होल्टच्या आसपास. कपलर लावून, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून, अर्थची वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा कमी. सिग्नलच्या वायरवर इंजिन बंद असताना चारच्या आसपास किंवा थोडं वर, जागेवर चालू असताना एक ते दीड. टर्बोच्या गाडीत हे आकडे लावू नका. तिथे सेन्सरला बाहेरच्या हवेच्या दुप्पट-अडीचपट दाब मोजायचा असतो, म्हणून इंजिन बंद असताना व्होल्ट बरेच कमी दिसतात.

पाच व्होल्ट मिळतच नसतील तर सेन्सरला हात लावू नका. ती पाच व्होल्टची लाइन बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेन्सर मिळून वापरतात. माझ्याकडे एक गाडी टोईंग होऊन आली होती, तिच्यात मॅप, थ्रॉटल आणि एसीच्या प्रेशर सेन्सरचे तिन्ही कोड एकदम. लाइनवर एक व्होल्टही नव्हता. एकेक कपलर काढत गेलो. कंडेन्सरजवळचा एसीचा कपलर काढला आणि मीटरवर खटकन पाच आले. त्याच्या आत पाणी शिरून शॉर्ट झाला होता. मॅप सेन्सर आणि थ्रॉटल दोघेही निर्दोष. दोन-तीन सेन्सरचे कोड एकाच वेळी आले तर हे पहिल्यांदा आठवा.

एवढं करून सेन्सरच खराब निघाला तर कंपनीचा पार्ट नंबर जुळवून नवीन घ्या. दिसायला सारखा, कपलरही बसतो, पण व्होल्टचं प्रमाण वेगळं, असे सेन्सर बाजारात मिळतात. तो लावला तर गाडी चालते, मात्र पेट्रोल सतत चुकीचं पडतं.

सेन्सर बरोबर, तरी दाब जास्त

सिरिंजची तपासणी पास, पाइप ठीक, व्होल्ट ठीक, तरी जागेवर ४८-५० दिसतंय. आता सेन्सरचं ऐका. इंजिन पोकळी तयार करू शकत नाही, असं तो सांगतोय.

सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत मी आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट) बघतो. गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठकी झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स संपतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. कॉम्प्रेशन पडतं, पोकळी कमी होते, मॅपचा आकडा वर जातो. विजापूर रोडला भाड्याने चालणाऱ्या गाड्यांत हे वारंवार बघितलंय, आणि बहुतेक ठिकाणी आधी सेन्सर बदललेला होता. दुसरं कारण टायमिंग चेन किंवा बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा) एक दात सरकणं. तिसरं, तुंबलेला कन्व्हर्टर: जागेवर गाडी ठीक, पण रेस धरून ठेवली की दाब हळूहळू चढत जातो, कारण धूर बाहेर पडायला जागा नाही.

ही तिन्ही कामं घरची नाहीत. कॉम्प्रेशन गेज, टायमिंगची हत्यारं आणि हात बसलेला माणूस लागतो. टायमिंग चुकलं तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात.

डिझेल: कुठपर्यंत जायचं

डिझेलमध्ये दोन दाब महत्त्वाचे. एक मॅनिफोल्डमधला, टर्बोने भरलेल्या हवेचा. त्याचा सेन्सर ईजीआरच्या (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेच्या) काजळीने आणि तेलाने डांबरासारखा बुजतो, आणि ईसीयूला वाटतं हवाच येत नाही, मग तो डिझेल आखडतो. घाटात दम न राहण्याचं हे सगळ्यात स्वस्त कारण. सेन्सर काढून स्वच्छ करणं तुम्हाला जमेल. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांवर तेलाचा ताजा डाग आणि रेस देताना शिट्टीसारखा आवाज असेल तर पाइप फाटलाय, तेही डोळ्यांनी दिसतं. डिझेल फिल्टर कधी बदलला ते आठवा, त्यातलं पाणी सोडा.

दुसरा दाब कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला. तिथला सेन्सर ईसीयूला सांगतो की रेलमध्ये डिझेल किती दाबाने भरलंय, आणि ईसीयू त्यावरून पंपाचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. जागेवर उभ्या गाडीत हा दाब अडीचशे-तीनशे बार असतो, जोर लावला की हजाराच्या कितीतरी पुढे. तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज घ्या.

इथे थांबायचं. रेलचा सेन्सर, इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या, पंप, कशालाही पाना लावायचा नाही. इंजिन चालू असताना गळती बोटाने शोधायची नाही. एवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार हातमोज्यातून आणि कातडीतून आत घुसते. बाहेरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट, हात जाऊ शकतो. असं कुणाला झालं तर घरी मलम लावत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं डिझेल कातडीत घुसलंय" असं स्पष्ट सांगा.

पी ००८७, पी ०१९२, पी ०१९३ हे कोड रेलच्या दाबाचे. ते दिसले तर फिल्टर आणि कपलर एवढंच बघा आणि गाडी डिझेल पंप-इंजेक्टरचं काम करणाऱ्याकडे न्या. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नव्या गाड्यांनाही हाच नियम. त्यांच्याही रेलमध्ये दाब खूप असतो, वर ते पेट्रोल.

पेट्रोलच्या साध्या इंजेक्शनमध्ये रेलचा दाब तीन-चार बारच असतो, पण नळी उघडली की फवारा गरम सायलेन्सरवर उडतो. बोनेटखाली पेट्रोलचा ओला वास आला, डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी सेल्फवर घेऊ नका, टोईंग करून आणा.

आणि गॅरेजला जाताना कागद घेऊन जा. त्यावर कोड, लाइट कधी लागतो, थंड असताना की गरम, पेट्रोलवर की गॅसवर, चावी चालू केल्यावरचा दाब, जागेवरचा दाब, फ्युएल ट्रिम, आणि याआधी कोणते पार्ट बदलले. बार्शीच्या काकांकडे "फक्त गॅसवर, फक्त गरम झाल्यावर" एवढी एकच ओळ होती. मी त्यांना उन्हात थांबवलं ते त्या ओळीवरूनच.